बोव्हरिल, पापड आणि आपली भाकर

पुढाऱ्यांना काय खायला आवडायचं यावर आपल्यात फार थोडं लिहिलं गेलंय. जे आहे ते सगळं त्यागाच्या खात्यावर मांडलेलं. पुढारी उपाशी राहिला, पुढारी वाचत बसला, जेवण विसरला. झालं. 'आवड' हा शब्द चरित्रात यायला लाजतो. मला त्या लाजेबद्दल बोलायचंय.

आधी बाबासाहेब. धनंजय कीरांच्या चरित्रातला लंडनचा भाग (१९२० ते २३) दर जयंतीला भाषणात येतोच. सकाळी मोजका नाश्ता, दिवसभर ग्रंथालय, रात्री बोव्हरिलचा पेला, पुन्हा भूक लागली की पापड. वक्ता पापडावर थांबतो, माणसं गहिवरतात. बोव्हरिल म्हंजे काय, हे कुणी सांगत नाही. चहासारखं काहीतरी असेल असं समजून लोक टाळ्या वाजवतात. अरे, तो गोमांसाचा अर्क! गरम पाण्यात कालवायचा अन् प्यायचा. थंडीत तिथले साधे कामगारही तो प्यायचे. यात लपवण्यासारखं काय आहे? तरी आपले पुस्तिकावाले नुसतं नाव छापून पुढं सरकतात. पापड चालतो, बोव्हरिल घशात अडकतं. हा आपल्या लेखकांच्या डोक्यातला सोवळेपणा आहे, बाबासाहेबांचा नाही.

गांधीजींचं उलटं. आपण काय काय सोडलं हे त्यांनी आत्मकथेत तपशिलानं लिहिलंय. कस्तुरबांच्या दुखण्यात त्यांनी मीठ अन् डाळ सोडली, त्यावर प्रकरणच आहे. मी लातूरला डाळमिलमध्ये आहे. तूर येते, भिजते, वाळते, भरडते. डाळ ट्रकात जाते, चुनी जनावराला जाते, धूळ आमच्या नाकात राहते. घरी वरण पाव्हणा आला तरच घट्ट. डाळ सोडणं हे व्रत व्हायला आधी ती रोज ताटात लागते, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या चळवळीत मात्र सोडण्याचा अर्थ वेगळा होता. महाडला मार्च १९२७ मध्ये परिषदेसाठी पाणी विकत घ्यावं लागलं, ४० रुपयांचं. २० मार्चला लोक चवदार तळ्याचं पाणी पिऊन मंडपात परतले. जेवणं चालू असतानाच सवर्णांचा जमाव चालून आला, अन्न मातीत तुडवलं गेलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस अन् गावाचं उष्टं सोडा म्हणून सांगितलं. आमच्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं. भूक असताना सोडलं. याला मी क्रांती म्हणतो. पण सोडली ती गावकीची लाचारी. जिभेची चव सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं.

हा फरक ज्यानं कळतो ते पुस्तक म्हंजे शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५). लेखक आपल्या शेजारच्या धाराशिवकडचे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं ते त्यांनी मांडलंय. चान्या, वजडी, रक्ती, रानातली भाजी, येसर. नावातच 'पूर्णब्रह्मा'ला चपराक आहे. २०२४ ला इंग्रजीत आलं तेव्हा कुठं पेपरवाले जागे झाले, ते असो. आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, जे सोडलं ते कशाला उकरायचं? मला हे पटत नाही. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदीचा कायदा आला. सरकार ताटात हात घालतंय अन् आपण आपलं ताट झाकून ठेवायचं? आपल्या १४ एप्रिलच्या भोजनदानातही पुरी-भाजी अन् बुंदीच. स्वस्त पडतं, नासत नाही, मान्य. पण पत्रिकेवर 'शुद्ध शाकाहारी' छापायची गरज काय? शुद्ध! हा शब्द कुणाच्या दुकानातला?

पुस्तकातली मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट ही, की महार अन् मांग तिथं एकाच पुठ्ठ्यात शेजारी बसलेत. आपण बसतो का? २७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला अन् मराठवाड्यात आपली घरं पेटली. घरांबरोबर कणगीतली ज्वारी गेली. ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. ते मातंग होते. त्यांच्या नावानं आपण घोषणा देतो, पण कार्यक्रम संपला की दोन वस्त्यांच्या पंगती आजही कित्येक गावांत वेगळ्या. आपल्या कवितेत भाकर येते, चंद्रासारखी येते, सूर्यासारखी येते. ती कुणाच्या घरची अन् कुणी खाल्ली नाही, ते येत नाही.

आणि ती थापली कुणी? उर्मिला पवार-मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मध्ये चळवळीतल्या बायांना बोलतं केलं. तसं काम नामांतरासाठी नांदेड-लातूरकडं व्हायला पाहिजे. मोर्चाला निघालेल्यांच्या फडक्यात भाकरी कुणी बांधून दिल्या, सोबत ठेचा होता की नुसता कांदा, तुरुंगातून सुटलेल्याला पहिल्या रात्री काय करून घातलं. त्या म्हाताऱ्या आहेत अजून. त्यांना विचारा. आणि हेही विचारा की माय, तुला स्वतःला काय आवडायचं? उत्तर येईल तसं त्यांच्याच बोलीत उतरवा अन् अंकाकडं पाठवा. शुद्धलेखन बघत बसू नका.