सातासमुद्रापलीकडील मराठी वाङ्मय

परदेशी जाऊन स्थायिक झालेल्या मराठी लोकांच्या वाङ्मयाविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, इतक्या दूर राहून ही मंडळी मराठी लिहितात हेच पुष्कळ झाले. त्यांचे कौतुक करावे, कसोटी लावू नये. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्यांनी भूमी सोडली त्यांचा भाषेवरील हक्कही सुटला. सबब त्यांच्या लेखनाकडे लक्ष देण्याचे प्रयोजन नाही. आमच्या मते दोन्ही पक्ष या वाङ्मयावर अन्याय करतात. पहिला त्यास लेकराप्रमाणे वागवितो, दुसरा परक्याप्रमाणे. लेखकास लेखक म्हणून वागविण्याचे दोघेही टाळतात. अमेरिकेतील मराठी लेखनास आता शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्याची परीक्षा करण्यास हरकत नसावी; ती कोणत्या मापाने करावी, एवढाच प्रश्न आहे.

या कामी दुसऱ्या एखाद्या समाजाचे उदाहरण उपयोगी पडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ग्रीस देशात मनुकांचा भाव कोसळला आणि पेलोपोनीस प्रांतातील शेतकऱ्यांची तरुण मुले अमेरिकेची वाट धरू लागली. १९२४ च्या कायद्याने दार जवळजवळ बंद होईपर्यंत हा ओघ चालू होता. कोणी रस्त्यावर बूट पुसले, कोणी लोवेलच्या कापडगिरण्यांत राबले, कोणी फ्लॉरिडातील टार्पन स्प्रिंग्ज येथे समुद्राच्या तळाचे स्पंज काढले. १९०९ साली साउथ ओमाहा येथे जमावाने त्यांची वस्ती उद्ध्वस्त केली. या लोकांनी चर्चे बांधली, शाळा काढल्या, वर्तमानपत्रे चालविली. आणि त्याबरोबर मायदेशाचे भांडणही तेथे नेले. राजा आणि व्हेनिझेलॉस यांच्या पक्षांचा कलह न्यूयॉर्कमध्येही पेटला. 'अटलांटिस' पत्र राजाच्या बाजूचे, तर 'नॅशनल हेरल्ड' व्हेनिझेलॉसच्या बाजूचे. पुढे चर्चमध्येही तट पडले. थिओडोर सालुटॉस हा अशाच स्थलांतरिताचा मुलगा. त्याने १९६४ साली अमेरिकेतील ग्रीकांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात या कलहास भरपूर जागा दिली. आपल्या लोकांचे कष्ट आणि आपल्या लोकांचे तंटे त्याने एकाच वहीत मांडले. परदेशी गेलेल्या समाजाच्या वाङ्मयास लावण्याजोगे माप आम्हांस येथे मिळते: घरून आणलेल्या गाठोड्यात काय काय होते, हे त्या समाजाचा लेखक पुरतेपणी उघडून दाखवितो काय?

आपले आरंभीचे प्रवासी या मापास उत्तम उतरतात. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि तेथे दीर्घकाळ राहिल्या. 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक १८८९ साली मराठीत निघाले. तेथील स्त्रियांच्या संघटना आणि शिक्षण यांनी त्या भारावून गेल्या आहेत. तथापि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही काळ्या लोकांच्या वाट्यास येणारी तुच्छता त्यांच्या नजरेतून सुटली नाही. परमुलखातील थोरवी पाहताना आपल्या घरातील बाईची स्थिती त्यांच्या मनासमोरून हलत नाही. स्वतःच्या समाजास आणि यजमानांच्या समाजास एकच तराजू लावणे हा या पुस्तकाचा खरा गुण होय.

पुढील दोन लेखकांचा ग्रंथव्यवहार तेथे इंग्रजीत झाला, तरी त्यांची नावे येथे घेतलीच पाहिजेत. श्रीधर व्यंकटेश केतकर हे कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ साली त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासाचा ग्रंथ निघाला. हिंदू लोक पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन वसले तर जात ही साऱ्या जगाची अडचण होईल, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. सात वर्षांनी, मे १९१६ मध्ये, भीमराव आंबेडकर यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. केतकरांच्या मतांची त्यांनी त्यात चिकित्सा केली. पण तो इशारा मात्र मुद्दाम उद्धृत केला. एक ब्राह्मण विद्यार्थी आणि एक महार विद्यार्थी, दोघेही अमेरिकेच्या भूमीवर, आणि दोघांनाही दिसलेली गोष्ट एकच.

१९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाटणीची पद्धत मोडली आणि त्यानंतर आमचे डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आणि मागाहून संगणकज्ञ अमेरिकेत गेले. ग्रीक तरुणाच्या हाती मजुरी होती. यांच्या हाती पदवी होती. गावोगाव महाराष्ट्र मंडळे निघाली, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, गणेशोत्सव आणि नाटके सुरू झाली, मुलांसाठी मराठी शाळा उघडल्या. टोरोंटोहून 'एकता' हे त्रैमासिक निघाले. अपर्णा वेलणकर यांनी या स्थलांतराची कहाणी 'फॉर हिअर, ऑर टू गो?' या पुस्तकात सांगितली. उपाहारगृहातील गिऱ्हाइकास रोज विचारला जाणारा तो साधा प्रश्न स्थलांतरिताच्या जन्माचा प्रश्न होऊन बसतो, ही त्या नावातील मार्मिकता दाद देण्याजोगी आहे.

या पिढीच्या लेखनाचे गुण आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आईबापांच्या अखेरच्या दुखण्यास वेळेवर न पोहोचणारा मुलगा. नवऱ्याच्या परवान्यावर गेल्यामुळे शिकलेली असूनही घरी बसलेली स्त्री. मराठी समजणारी पण इंग्रजीत उत्तर देणारी मुले. निवृत्तीनंतर कोठे राहावे याचा न सुटणारा पेच: ही दुःखे खरी आहेत आणि ती अनेकांनी कळकळीने लिहिली आहेत. परंतु दहा कथा वाचल्यावर अकरावी अगोदरच ठाऊक असल्यासारखी वाटू लागते. याचे कारण आमच्या मते अनुभवाच्या तोकडेपणात नाही, निवडीच्या तोकडेपणात आहे. गाठोड्यातून पुरणपोळी निघते, पैठणी निघते, आजीच्या ओव्या निघतात. जात निघत नाही. पंक्तीस कोण आणि मंडळाच्या कार्यक्रमाबाहेर कोण, मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीत कोणता शब्द आवर्जून छापला जातो, आडनाव विचारल्यावर क्षणभर कोण घुटमळतो, हे निदान आमच्या वाचनात आलेल्या या कथांत क्वचितच दिसले.

२००९ साली पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान गंगाधर पानतावणे यांना मिळाले. ज्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, त्याच शहरातून पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक अनेक दशके चालविले आणि दलित लेखकांच्या पिढ्या लिहित्या केल्या. सातासमुद्रापलीकडील मराठी सभेने त्यांस अध्यक्ष मानले, ही गोष्ट आम्हांस मोठ्या मोलाची वाटते. पण सन्मानाने वाङ्मय बदलत नसते. त्याच सॅन होजे शहरात मुख्य कचेरी असलेल्या एका कंपनीवर २०२० साली राज्याच्या खात्याने जातिभेदाचा दावा लावला. दोन अभियंत्यांविरुद्धचा भाग पुढे २०२३ मध्ये मागे घेण्यात आला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी सिअ‍ॅटल नगराने जातीवरून भेद करण्यास मनाई करणारा ठराव केला आणि कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी अशाच आशयाच्या विधेयकास नकार दिला. केतकरांचा इशारा शंभर वर्षांनी न्यायालयात आणि विधिमंडळात पोहोचला. आमच्या नांदेडचे सूरज एंगडे यांनी २०१९ साली 'कास्ट मॅटर्स' हे पुस्तक लिहिले, ते इंग्रजीत. अमेरिकेतील मराठी कथेच्या दिवाणखान्यापर्यंत मात्र तो इशारा अद्याप पोहोचावयाचा आहे.

यावर कोणी म्हणेल की, ललित लेखकास समाजसुधारकाचे काम सांगू नये; घरची आठवण हाही वाङ्मयाचा रास्त विषय आहे. आमचे म्हणणे त्याच्याविरुद्ध नाही. आठवणीने निवडक असू नये, एवढेच मागणे आहे. कारण निवडक आठवण ही कलेच्या दृष्टीनेही दुबळीच ठरते. तिच्यातील माणसे सदा भली, सदा हळवी राहतात. त्यांच्या मनात तिढा पडत नाही, आणि तिढ्यावाचून कथेस बळ येत नाही. दुसऱ्याच्या देशात वर्णद्वेषाचा चटका बसलेला माणूस आपल्याच बांधवास तसाच चटका देतो, याहून मोठे नाट्य कथाकारास कोठे सापडणार?

यात त्या भाषेचे भवितव्यही गुंतलेले आहे. तेथे जन्मलेली मुले मराठी शिकतात ती सणावारांपुरती. ज्या भाषेत फक्त आरती आणि पाककृती सांगितली जाते ती भाषा मुले प्रेमाने आठवतील, पण तिच्यात विचार करणार नाहीत. आपल्या आईबापांनी काय सोडले आणि काय सोडले नाही, हा त्या मुलांचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आज त्यांना इंग्रजी पुस्तकांत आणि न्यायालयाच्या कागदपत्रांत शोधावे लागते. ते मराठी कथेत मिळू लागेल, तर तेथील मराठी शाळेस क्रमिक पुस्तकाहून अधिक काही वाचावयास मिळेल. रमाबाईंनी परक्या देशाकडे ज्या निर्भय डोळ्यांनी पाहिले, त्याच डोळ्यांनी तेथील मराठी लेखकाने आपल्या घराकडे पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. तसे पुस्तक येईल, तेव्हा दूरचे म्हणून त्याचे कौतुक करण्याची गरज पडणार नाही. मराठीतील चांगले पुस्तक म्हणून ते इकडेही वाचले जाईल.