भागवंतीचे मौन

दूरदर्शनवर १९८४-८५ साली गाजलेल्या ‘हम लोग’ मालिकेत मनोहर श्याम जोशी यांनी एका सामान्य कुटुंबाची सुखदुःखे प्रांजळपणे रेखाटली. मद्यपी बसेसर रामची पत्नी भागवंती सारा अपमान मुकाट्याने सोसते. तिची दशा पाहून प्रेक्षकांनी सावध व्हावे, हा मालिकेचा हेतू. अनेकांनी मात्र तिलाच आदर्श गृहिणी मानले. भागाच्या शेवटी अशोककुमार बोध करीत; परंतु कथेने सोशिकतेला दिलेली करुण शोभा उपदेशाने पुसली जात नाही. आपणही अशा सोसण्याला ‘क्रूस वाहणे’ म्हणतो. वास्तविक प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्ताप व सुधारण्याचा निर्धार आवश्यक असतो. क्षमा म्हणजे अन्यायाला मुभा नव्हे. पतीस सत्य सुनावणे हीदेखील प्रीतीच होय. त्या भगिनीला साथ देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य.