कोळसा, पाणी, हवा – पण विटा कुठे आहेत?

एनसीईआरटीच्या आठवीच्या विज्ञान पुस्तकात कृत्रिम धागे व प्लॅस्टिक यांवरचा धडा अनेक वर्षे होता. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना तो वगळला गेला. तरी त्यातली उत्तरे मुलांच्या तोंडी आहेतच, म्हणून ती तपासून पाहू.

धड्याची सुरुवात आम्हाला आवडली. लहान रेणू मण्यांसारखे ओवले की बहुवारिक तयार होते, आणि कापसातला सेल्युलोजही असाच ग्लुकोजच्या मण्यांचा असतो, हे मुलांना चटकन पटते. पण नायलॉनपाशी येताच मणी गायब! ते १९३१ साली कोळसा, पाणी आणि हवा यांपासून बनले, असे सांगून धडा पुढे जातो. वास्तविक कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन ६६ तयार झाले १९३५ मध्ये. ‘कोळसा, पाणी, हवा’ हे तर ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर करतानाचे शब्द. ते खोटे नव्हते. पण घर कशाचे, याला ‘मातीचे’ म्हणण्यासारखे झाले. विटा कोणत्या?

विटा दोन : ॲडिपिक आम्ल आणि हेक्झामेथिलीन डायअमीन. दोन्हींत कार्बनचे सहा-सहा अणू, म्हणून ‘६६’. दोघांनाही दोन-दोन ‘हात’ असतात. एकाला आम्लगटाचे, दुसऱ्याला अमीनगटाचे. हात जुळताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि साखळी वाढते.

पॉलिएस्टरबाबत धडा म्हणतो, एस्टरमुळे फळांना वास येतो. मग टेरिलिनच्या सदऱ्याला केळ्याचा वास का नाही? लांबलचक साखळी उडून नाकापर्यंत पोचत नाही म्हणून. हा प्रश्न धड्यात हवा होता.

याहून मोठी उणीव पुढे आहे. ॲडिपिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे पॉलिएस्टर सुमारे ५० अंश सेल्सियसलाच वितळते. त्याच्या कापडावर इस्त्री फिरवणार कशी? व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली आम्ल बदलले. टेरेफ्थॅलिक आम्लातल्या बेंझिनच्या कड्यामुळे साखळी ताठ झाली आणि वितळणबिंदू २६० अंशांच्या आसपास गेला. एक वीट बदलली, कापड बदलले. रसायनशास्त्राची गंमत इथेच आहे, आणि नेमकी तीच धड्यातून निसटली.

वर्गात मुलांना हात धरून साखळी करायला सांगा. मग एकाला एक हात खिशात घालायला लावा. साखळी त्याच्यापाशी का थांबली, हे मुलेच सांगतील.