महिकावतीची बखर आणि मूळ पुरुषाचा शोध

घराण्याचा इतिहास सिद्ध करू पाहणाऱ्या अभ्यासकाचा मार्ग उत्तर कोकणात बहुधा एकाच ग्रंथापाशी येऊन थांबतो. तो ग्रंथ म्हणजे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’. मुंबई-साष्टीपासून केळवे-माहीमपर्यंतच्या प्रदेशातील अनेक ज्ञातींचे कुलवृत्तांत आपल्या मूळ पुरुषाचा आधार म्हणून या बखरीकडे बोट दाखवितात. बखरीचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु कोणत्या प्रश्नाला ती उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाला देत नाही, याचा विवेक कुलवृत्तांतकारांनी क्वचितच केलेला आढळतो.

बखरीतील मुख्य कथा सुपरिचित आहे. शके १०६० म्हणजे इ. स. ११३८ च्या सुमारास प्रतापबिंब नावाचा राजा गुजरातेच्या बाजूने उत्तर कोकणात उतरला, त्याने महिकावती येथे राजधानी केली आणि प्रदेश वसविण्यासाठी सहासष्ट कुळे आणविली, असे ती सांगते. या कुळांचे वंश आणि गोत्रे नोंदविलेली असल्यामुळे वंशजांस हा भाग वसाहतकारांच्या नोंदवहीसारखा वाटतो. या कथेच्या जोडीला दुसरीही एक परंपरा आहे. देवगिरीवर १२९४ साली अल्लाउद्दिनाची स्वारी झाल्यानंतर रामदेवराव यादवाचा पुत्र भीमदेव अथवा बिंबदेव कोकणात आला आणि त्याच्याबरोबर अनेक घराणी आली, असे ती मानते. या दोन आगमनांत १५६ वर्षांचे अंतर आहे. तथापि दोन्ही नायकांस ‘बिंब’ हेच नाव लागत असल्यामुळे घराण्यांच्या स्मृतीत त्यांची सरमिसळ होणे अगदी स्वाभाविक होते.

पहिली परीक्षा कोरीव लेखांची. इ. स. ११३८ च्या सुमारास उत्तर कोकणावर शिलाहार अपरादित्य राज्य करीत होता. याच राजाने तेजकंठ नावाचा पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेस पाठविल्याचा उल्लेख मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आहे. शिलाहारांची सत्ता त्यानंतरही खंडित झालेली दिसत नाही. दुसऱ्या अपरादित्याचा शके ११०८ (इ. स. ११८७) चा शिलालेख खुद्द परळ येथे सापडला आहे, म्हणजे ज्या बेटांवर बिंबाचे राज्य असल्याचे सांगितले जाते तेथेच. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा शके ११८२ (इ. स. १२६०) चा लेख उरणजवळ चांजे येथे मिळाला आहे. या लेखांवरून बिंब नावाचा कोणी पुरुष झालाच नाही, असे सिद्ध होत नाही. तो एखादा मांडलिक वा अल्पकाळ टिकलेला विजेता असू शकेल. परंतु बखरीतील राज्याची व्याप्ती आणि तिचा काल जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, एवढे मात्र यावरून निश्चित होते.

दुसरी परीक्षा ग्रंथाच्या रचनाकालाची. ही बखर एका लेखकाची एकसंध कृती नव्हे. निरनिराळ्या काळी रचलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. राजवाडे यांनी जुन्यात जुना ठरविलेला केशवाचार्यांचा भाग शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ चा आहे. अर्थात वर्णिलेल्या आगमनानंतर या लेखनापर्यंत तीन शतकांहून अधिक काळ लोटला होता. एका पिढीस तीस वर्षे धरली तरी मध्ये दहा पिढ्या जातात. इतक्या पिढ्यांची नावे आणि नाती लेखी आधारावाचून अचूक टिकतात, असे गृहीत धरणे धाडसाचे आहे.

मग केशवाचार्यांनी हे का लिहिले? या प्रश्नाचे उत्तर बखरीच्या प्रस्तावातच आहे. मालाडचा देसला नायकोराव यास देवीचा दृष्टांत झाला, लोक जमले आणि बुडत चाललेला महाराष्ट्रधर्म सावरण्यासाठी वंश, कुळे व आचार यांचे कथन झाले, अशी तिची मांडणी आहे. त्या काळी त्या प्रदेशावर गुजरातच्या सुलतानांचा अंमल होता. जुनी वतने, मानपान आणि ज्ञातींच्या मर्यादा अनिश्चित झाल्या असता कोणाचे स्थान कोठे, हे सांगण्याची निकड समाजास भासली. सहासष्ट कुळांची यादी त्या निकडीतून अर्थपूर्ण होते. बाराव्या शतकात कोण आले याची साक्ष ती फारशी देत नाही. पंधराव्या शतकात कोणास आपण आरंभीचे आहो असे म्हणावयाचे होते, याची साक्ष मात्र ती भरभक्कम देते. वतनाच्या महजरात मूळ पुरुष जेथून सांगितला जातो तेथून रक्ताचा नव्हे, तर हक्काचा आरंभ होतो. बखरीतील मूळ पुरुषासही हाच न्याय लावला पाहिजे.

तिसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ज्यांनी भूमी ‘वसविली’ त्यांच्या आधी तेथे कोण होते? सोपारा येथे अशोकाच्या आज्ञालेखांचे अवशेष मिळाले आहेत. कान्हेरीची लेणी बिंबाच्या आधी हजार वर्षे गजबजलेली होती. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या चिंचणी ताम्रपटावरून राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण येथे मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी कारभार पाहत होता, असे कळते. शिवाय कोळी, वारली, ठाकूर, कातकरी यांची वस्ती होतीच. स्वतः राजवाडे यांनी आपल्या विस्तृत प्रस्तावनेत कोकणातील या जुन्या थरांचा विचार केला आहे. कुलवृत्तांतकार मूळ ग्रंथातील यादी उचलतात आणि संपादकाची प्रस्तावना सोडून देतात, ही गोष्ट खेदजनक आहे. ज्यांच्यापाशी वंशावळ नाही त्यांस पूर्वजही नव्हते, असा भास अशा लेखनातून निर्माण होतो.

एका मूळ पुरुषाच्या कल्पनेतच गणिताची एक अडचण आहे. मागे जाताना प्रत्येक पिढीस पूर्वजांची स्थाने दुप्पट होतात. दहाव्या पिढीत ती १,०२४ होतात आणि तिसाव्या पिढीत १०७ कोटींहून अधिक. इतकी निरनिराळी माणसे त्या काळी उत्तर कोकणात असणे शक्यच नाही. म्हणजे तेच पूर्वज अनेक मार्गांनी पुनःपुन्हा येतात आणि शेजारची कुळे एकमेकांत गुंतलेली असतात. वंशावळ या विस्तीर्ण जाळ्यातील पित्याकडून पुत्राकडे जाणारा एकच धागा दाखविते. मातांची घराणी तीत जवळजवळ अदृश्य राहतात.

यावरून कुलसंशोधन त्याज्य ठरत नाही. त्याची दिशा मात्र बदलली पाहिजे. संशोधकाने बिंबापासून खाली न उतरता आपल्या ज्ञात पिढीपासून वर चढावे. जमिनीचे दप्तर, इनामांचे कागद, नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि देवस्थानांच्या सनदा ही साधने क्रमाने तपासावीत आणि जेथे लेखी दुवा तुटेल तेथे तसे स्पष्ट नमूद करावे. त्यापलीकडील बखरीचा वृत्तांत परंपरा म्हणून स्वतंत्र प्रकरणात द्यावा. वंशवृक्षास तो जोडू नये. असे केल्याने काही घराण्यांचा इतिहास सहासात शतकांनी आखूड होईल हे खरे. परंतु जो उरेल तो साधार असेल. बखरीसही त्यामुळे न्याय मिळेल. संकटाच्या काळी एका समाजाने आपली ओळख कशी रचली हे सांगणारा ग्रंथ म्हणून तिचे मोल आहे आणि वंशजांच्या नोंदवहीपेक्षा ते कितीतरी अधिक आहे.