किंमत हवी असेल तर मेसेज करा

मागच्या लग्नसराईत भाचीचं लग्न ठरलं आणि फोटोवाला, मांडववाला, मेंदीवाली, आचारी ही सगळी माणसं शोधायचं काम माझ्यावर आलं. आमच्या वेळी हे काम घरातले पुरुष करायचे. आचारी उदगीरहून यायचा, आणि त्याचं नाव कुणाच्या तरी लग्नात त्याच्या हातचं जेवलेल्या माणसानं सुचवलेलं असायचं. आता भाचीनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आत्या, सगळे इन्स्टावर आहेत. बघ आणि चौकशी कर."

तीन आठवडे मी तेच केलं. बीदर, भालकी, कलबुर्गी, हैदराबाद मिळून साठेक पानं बघितली. पुस्तक वाचावं तशी वाचली, कारण काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे इथंही कुणीतरी ठरवलेलं असतं. वाचून माझं एक मत झालं. ही पानं जे दाखवायला नको ते दाखवतात आणि जे सांगायला हवं तेच सांगत नाहीत.

आधी न सांगितलेल्या गोष्टी. पहिली म्हणजे किंमत. जवळजवळ प्रत्येक पानावर एकच वाक्य, किंमतीसाठी मेसेज करा. व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक वस्तूखाली किंमत लिहायची जागा असते, तीही रिकामी सोडलेली. धंदेवाल्यांची बाजू मला समजते. शेजारचा दुकानदार भाव बघून पाचशेनं कमी करतो, मुहूर्ताच्या दिवसाचा आणि एरवीचा भाव वेगळा, गाव लांब असेल तर गाडीभाडं लागतं. पण "इतक्यापासून पुढं" एवढं तर लिहिता येतं? वेडमीगुड, वेडिंगवायर इंडिया अशा मोठ्या संकेतस्थळांवर निदान सुरुवातीचा आकडा असतो, जेवणाचा ताटामागे आणि फोटोचा दिवसामागे.

किंमत का झाकतात ते मला एका चौकशीतून कळलं. मेसेज केला की उलट प्रश्न येतात. तारीख कोणती, हॉल कोणता, माणसं किती? एका फोटोवाल्याला मी माझ्या नंबरवरून एका साध्या हॉलचं नाव कळवलं. वहिनीनं तिच्या नंबरवरून तीच तारीख सांगितली, पण हॉल मोठा सांगितला. मला पंचेचाळीस हजार, वहिनीला सत्तर. कॅमेरा तोच, माणसं तीच, दिवस तोच. म्हणजे चौकशी आपण करत नव्हतो, चौकशी आपली होत होती. फेसबुकनं तर जाहिरात देणाऱ्यांना "नुकताच साखरपुडा झालेले" असा गट निवडायची सोय दिली होती. साखरपुड्याचा फोटो टाकला की जाहिराती मागे का लागतात, याचं एक कारण हे.

दुसरी न सांगितलेली गोष्ट जेवणाची. "जैन फूड मिळेल" असं मी अकरा पानांवर वाचलं. विचारायला गेलं तर त्याचा अर्थ एवढाच, की कांदा-लसूण नाही. बटाटा चालतो का, गाजर चालतं का, असं मलाच विचारलं गेलं. एकानं "जैन पावभाजी" असं मोठ्या अक्षरात लिहून फोटोत बटाट्याचं भरीत दाखवलं होतं. पाणी गाळलेलं असेल का, या प्रश्नावर पलीकडं शांतता. आणि मुख्य गोष्ट वेळेची. डिसेंबरात बीदरला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. ज्यांचा रात्रीभोजनाचा त्याग आहे त्यांना साडेपाचपर्यंत ताट वाढून झालं पाहिजे. या पानांवरचं प्रत्येक जेवण मात्र दिव्यांच्या माळांखाली, रात्रीच. जैन हा शब्द त्यांनी गिऱ्हाईक ओढायला घेतला. शब्दामागचा नियम घेतला नाही.

आता दाखवलेल्या गोष्टी. इन्स्टाग्रामनं जुलै 2020 मध्ये भारतात रील आणलं. टिकटॉकवर बंदी येऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. तेव्हापासून लग्नाच्या पानाचा साचा ठरून गेला आहे. ड्रोन किल्ल्यावरून फिरतो, अष्टूरच्या घुमटांपुढून जोडपं हळू चालतं, हिंदी गाणं वाजतं, अक्षरं इंग्रजी. आमच्याकडं मराठी, कन्नड, दख्खनी सगळं एका मांडवात बोललं जातं, त्यातलं काहीच ऐकू येत नाही. एवढं मी चालवून घेतलं असतं.

पण सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेलं रील बहुतेक पानांवर पाठवणीचं असतं. आईच्या गळ्यात पडलेली मुलगी, पाठ फिरवून डोळे पुसणारे वडील, आणि त्याखाली लिहिलेलं, बुकिंग सुरू आहे. त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? एका पानावर मला आमच्याच नात्यातली एक मुलगी दिसली. मी तिला फोन केला तर तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या रडण्यावर दुसऱ्यांच्या चौकश्या येत होत्या.

आपल्या अचौर्य व्रतात चोरी म्हणजे नुसतं कुलूप फोडणं नव्हे. अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं, हीच चोरी. फोटो काढायचे पैसे आपण देतो, म्हणून चेहरा जाहिरातीला दिला असं होत नाही. देशात 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचाही पाया संमती हाच आहे.

समाजाला हा प्रश्न दिसतो, पण अर्धाच. 2019 च्या अखेरीस भोपाळात गुजराती, जैन आणि सिंधी समाजाच्या संघटनांनी लग्नाआधीच्या फोटोशूटवर बंदीचं पाऊल उचललं. असे ठराव आपल्याकडंही बोलले जातात. त्यात मुलीनं काय करू नये हे असतं. फोटोवाल्याकडून काय लिहून घ्यावं, याची एक ओळही नसते. दोष प्रत्येक वेळी मुलीच्याच हौसेकडं का जातो?

या साठ पानांत मला सगळ्यांत आवडलं ते भालकी तालुक्यातल्या एका मेंदीवालीचं. ट्यूबलाइटखाली काढलेले हातांचे फोटो, चेहरा एकही नाही. मराठीत, मधेच कन्नडमध्ये, ती स्वतः बोलते. मेंदी घरी भिजवते, काळी मेंदी लावत नाही, कोपरापर्यंत दोन हातांचे इतके, बसभाडं वेगळं, रात्री नऊनंतर घरचं माणूस पोचवायला येणार असेल तरच थांबते. सगळं आधीच सांगून टाकलेलं. एकदा ऐकलं आणि मी दुसरा प्रश्न न विचारता विसार पाठवला. आधी असल्या कामाला कुणाची तरी ओळख, कुणाचा तरी दलाल लागायचा. तिला तो लागला नाही. या माध्यमाचं खरं बळ मला तिथं दिसलं. पान साधं होतं म्हणून नव्हे, त्यानं माझा वेळ आणि तिची अब्रू दोन्ही राखली म्हणून.

म्हणून बायकांनो, मेसेज करताना हॉलचं नाव शेवटी सांगा, आधी भाव विचारा. निवडक फोटोंवर जाऊ नका, एकाच लग्नाचा पूर्ण अल्बम मागा. विसार दिला की पावती घ्या. पैसे अडकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. आणि कोणते फोटो पानावर टाकायचे, हे नवरीला विचारल्याशिवाय ठरणार नाही, असं कागदावर लिहून घ्या.

मी घेतलं. फोटोवाला थोडा हसला, पण सही केली. जेवणं साडेपाचला आटोपली. लग्नानंतर आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, पाठवणीचं फार छान आलंय, टाकू का?" मी फोन भाचीला दिला. ती म्हणाली, "हळदीचं टाका. पाठवणीचं नको, ते आईचं आहे."

त्यानं हळदीचं टाकलं. त्याखाली चौकश्या आल्याच.