फोटो मागणारी बाई

माझ्या मावशीचे लग्नाआधीचे एकूण दोन फोटो आहेत. एक दहावीच्या हॉल तिकिटावरचा, दुसरा स्थळांना दाखवायला स्टुडिओत काढलेला. दुसऱ्यात ती प्लास्टिकच्या फुलांच्या कुंडीशेजारी उभी आहे आणि पदर दुसऱ्याच कुणीतरी नीट करून दिलाय हे लगेच कळतं. एक फोटो बोर्डाला हवा होता, एक पाहुण्यांना. मावशीला स्वतःला हवा होता म्हणून काढलेला फोटो मी पहिल्यांदा बघितला तो २०२४च्या लगीनसराईत, लोह्याला. तो मीच काढला होता.

हळदीचा कार्यक्रम होता. डीजेवाल्याने 'गुलाबी साडी' चौथ्यांदा की पाचव्यांदा लावलं आणि मावशी घरातून बाहेर आली ती गुलाबी साडीत. सकाळी ती हिरव्या साडीत होती. गाण्यासाठी तिने साडी बदलली होती. माझ्या हातात मोबाईल देऊन म्हणाली, "काढ गं माय एक फोटू. गाणं चालू हाय तवर काढ."

मी काढला. तिला आवडला नाही. परत काढला. काका गाडी सुरू करून उभे होते, "झालं का?" म्हणत होते. "थांबा की जरा," मावशी म्हणाली. काका थांबले.

तोवर संजू राठोड हे नाव मी 'डीजेवरची गाणी' या खोक्यात टाकून दिलं होतं. त्या दिवशी रात्री हेडफोन लावून गाणं नीट ऐकलं. त्यानंतर त्याची बाकीची गाणीही ऐकली आणि अजून ऐकतेय. या लेखात मला एवढंच सांगायचंय, की या मुलाच्या सुरुवातीच्या वाटचालीत त्याने एक फार मोलाची गोष्ट शोधली, आणि मला भीती वाटते की ती त्याच्या हातातून निसटतेय.

*

आधी थोडी माहिती. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा. गाणी स्वतः लिहितो, चाल स्वतः लावतो, स्वतःच गातो. संगीताच्या बाजूला जी-स्पार्क हा त्याचा नेहमीचा जोडीदार. 'बाप्पावाला गाणं', 'नऊवारी' यांनी त्याचं नाव मोबाईलमध्ये पोचवलं, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या 'गुलाबी साडी'ने ते मराठी न कळणाऱ्या लोकांच्या मोबाईलमध्येही नेलं.

मराठीत असं गाणं गाजायचं तर पूर्वी दोन वाटा होत्या. एक कॅसेटची. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांचे आवाज आमच्या गावांत पोचले ते स्टँडजवळच्या कॅसेटच्या दुकानांतून आणि जीपमधल्या टेपवरून. दुसरी सिनेमाची. २०१६मध्ये 'झिंगाट'वर नांदेडच्या प्रत्येक वरातीत लोक नाचले, पण त्यामागे 'सैराट' होता, अजय-अतुल होते. मोबाईल आल्यावर तिसरी वाट निघाली, पण ती बहुतेकदा एका गाण्यापाशी संपायची. 'शांताबाई' सगळ्यांना पाठ आहे. ते संजय लोंढे यांनी गायलंय, हे सांगताना बरेच जण अडखळतात. गाणं मोठं होतं आणि गाणारा मागे राहतो.

संजूच्या बाबतीत तसं झालं नाही. पोरं आता 'संजूचं नवीन आलंय' असं म्हणतात. गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव येणं ही पॉप कलाकाराची खरी कमाई. सिनेमाच्या आधाराशिवाय, मराठीत, जिल्ह्याच्या गावातून आलेल्या मुलाने ती केली. नाक मुरडण्याआधी एवढं कबूल करायला पाहिजे.

*

आता गाणं.

'गुलाबी साडी'चं ध्रुवपद बाई बोलते आणि गातो पुरुष. तो आवाज बारीक करत नाही, बाईची नक्कल करत नाही. स्वतःच्याच आवाजात तिची मागणी मांडतो: मी नटलेय, मी भारी दिसतेय, माझा फोटो काढ. ज्याला ती हे सांगते त्याला ती 'राजा' म्हणते.

हा 'राजा' कुठून आला ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. नांदेडहून लातूरला एसटीने निघालात तर लोहा ओलांडल्यावर माळेगाव लागतं. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची मोठी जत्रा भरते. घोडे येतात, गाढवं येतात, तमाशाचे फड येतात, लावणी महोत्सव होतो. आमच्या घरातल्या पुरुषांनी लावणी तिथे ऐकली. बायकांनी ती पुरुषांच्या गुणगुणण्यातून ऐकली. लावणीतली बाई समोरच्याला राया म्हणते, राजा म्हणते, आणि त्याच्याकडे काहीतरी मागते. शालू माग, दागिना माग, नाहीतर नुसतं घरी यायचं वचन माग. आणि हे सगळं बाईच्या तोंडी घालणारे शाहीर पुरुष होते: राम जोशी, होनाजी बाळा, पुढे पठ्ठे बापूराव. पुरुषाने बाईच्या मनातलं लिहायचं, बाईने ते पुरुषांसमोर गायचं, असा तो व्यवहार.

संजूचं गाणं याच घराण्यातलं आहे. पण त्यात दोन गोष्टी बदलल्यात.

पहिली, मागणी. इथल्या बाईला साडी नकोय. साडी तिच्या अंगावर आहे. कुणी घेऊन दिली ते ती सांगत बसत नाही. आपण कशा दिसतो हेही ती त्याला विचारत नाही, ते तिने आधीच ठरवलंय. राजाच्या वाट्याला एकच काम उरतं, कॅमेरा धरायचं. लावणीत जो द्यायचा तो इथे फोटोग्राफर झालाय, आणि तोही नवशिका, कारण पहिला फोटो तिला आवडेलच असं नाही.

दुसरी, ऐकणारी मंडळी. माळेगावच्या कनातीत माझी मावशी कधी बसली नाही, बसू शकली नसती. हे गाणं मात्र तिच्या हातात आलं. ती त्यावर नाचू शकत होती, त्यातली बाई होऊ शकत होती, तेही सासरच्या अंगणात, नवऱ्याला ताटकळत ठेवून. जे आधी बैठकीत पुरुषांसाठी होतं ते बायकांनी आपल्या फोनमध्ये घेतलं. रील्सचं कौतुक मला फारसं नाही, पण ही देवाणघेवाण रीलमुळेच झाली.

म्हणून 'गुलाबी साडी' शब्दांत साधं असूनही मला मोठं गाणं वाटतं. 'भारी' हा शब्द बघा. सुंदर, देखणी, रूपवती यातलं काही नाही. 'भारी' हे आपण सिनेमाला म्हणतो, गाडीला म्हणतो, मित्राच्या नव्या हेअरकटला म्हणतो. बाईने स्वतःला 'भारी' म्हणणं यात लाजणं नाही आणि माजही नाही. चालही तशीच. लहान पल्ल्याची, दोनदा ऐकली की म्हणता येणारी. ज्या मावशीने आयुष्यात आरतीशिवाय काही गायलं नाही, तिला ती पेलते. गाणाऱ्याने आपल्या गळ्याची करामत दाखवायची हाव आवरली म्हणून ती जागा ऐकणाऱ्या बाईला मिळाली.

*

संजूच्या गाण्यांची नावं ओळीने वाचा: 'नऊवारी', 'गुलाबी साडी', 'काली बिंदी'. साडी, परत साडी, टिकली. एक वस्तू घ्यायची, तिचा रंग किंवा प्रकार सांगायचा आणि गाणं उभं करायचं. ही युक्ती हुशारीची आहे, कारण ती वस्तू प्रत्येकीच्या कपाटात असते. ऐकणारीला नवं काही विकत आणावं लागत नाही. पण युक्तीला मर्यादा असते. कपाट कधीतरी रिकामं होतं.

एप्रिल २०२५मध्ये 'शेकी' आलं. व्हिडिओत ईशा मालवीय, सफाई जास्त, खर्च जास्त, ठेका पाय धरून ठेवणारा. गाणं प्रचंड चाललं. पण त्याच्या ध्रुवपदात मुलीच्या कमरेचं कौतुक आहे आणि ते करणारा मुलगा आहे. फोटो मागणारी बाई गेली. आता पुरुष बघतोय आणि बाई दिसतेय, म्हणजे हिंदी-पंजाबी पॉपमध्ये गेली कित्येक वर्षं चाललंय तेच. तिथे अशी शंभर गाणी आहेत, त्यात एक मराठी वाढलं. 'गुलाबी साडी'सारखं तिथे मला दुसरं सापडत नाही.

मी मावशीला 'शेकी' दाखवलं. तिने पूर्ण बघितलं. "चांगलं हाय की," म्हणाली आणि फोन परत दिला. त्यावर तिला काही करायचं नव्हतं. एका मावशीवरून सिद्धांत मांडायचा नसतो, मला माहीत आहे. पण ते 'चांगलं हाय की' माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात कौतुक होतं, पण ते लांबून केलेलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरच्या फरशीचं करतो.

*

दुसरी एक गोष्ट मला माझ्या मैत्रिणीने दाखवली. आम्ही लातूरला एकाच होस्टेलवर होतो, अकरावी-बारावी आणि नीट. ती किनवटकडच्या तांड्यावरची, आणि आडनाव राठोड. 'गुलाबी साडी' गाजलं तेव्हा तिने मला मध्यरात्री मेसेज केला होता. तांड्यात लोक म्हणत होते, आपल्या आडनावाचा पोरगा आहे. होस्टेलवर तिचं आडनाव वाचून कुणी 'म्हणजे तुम्ही कोण?' असं विचारलं की ती विषय बदलायची. त्या महिन्यात तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. गाणं एवढंही करू शकतं.

पण तिनेच नंतर विचारलं, "नऊवारी झाली, गुलाबी साडी झाली. फेटिया-कांचळीचं गाणं कधी?" तिची आजी अजून आरशांची कांचळी घालते, होळीला लेंगी म्हणते. त्या गाण्यांना ठेका आहे, टिंगल आहे, बायकांची आपापसातली बोलणी आहेत. त्यातलं काही मोबाईलवरच्या मोठ्या गाण्यात येईल का, हा तिचा प्रश्न होता. संजूने ते करायलाच पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही. आडनावावरून कुणालाही विषय नेमून देऊ नये. पण गाव कुठलंही असो, त्याच्या गाण्यांत ते दिसत नाही ही माझीही तक्रार आहे. त्याच्या व्हिडिओंमधली घरं, गाड्या, रस्ते कुठलेही असू शकतात. धूळ नाही, कापूस नाही, खानदेशी बोलीचा एखादा चुकार शब्दही कानाला लागत नाही.

'जगभर पोचायचं तर गाव सोडावं लागतं' असं कुणी म्हणेल. तर पोर्टो रिकोच्या बॅड बनीकडे बघा. तो स्पॅनिशमध्ये गातो, तेही आपल्या बेटाच्या बोलीत, आणि २०२० ते २०२२ अशी सलग तीन वर्षं स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त तोच ऐकला गेला. एवढं झाल्यावर, जानेवारी २०२५मध्ये, त्याने जो अल्बम काढला त्यात तो बेटाच्या जुन्या संगीताकडे वळला, प्लेना आणि साल्साकडे. त्या अल्बमच्या नावाचा अर्थ आहे 'मी अजून फोटो काढायला हवे होते'. परत फोटोच. तिथे फोटो म्हणजे हातातून जाणारं गाव, जाणारी माणसं धरून ठेवणं. संजूच्या गाण्यातला फोटो आणि हा फोटो एकमेकांपासून फार लांब नाहीत. एकात बाई म्हणते मला दिसू दे, दुसऱ्यात माणूस म्हणतो हे दिसेनासं होऊ नये. ज्याने पहिलं लिहिलं त्याला दुसरं लिहिता येईल, असं मला मनापासून वाटतं.

*

माझ्या धाकट्या भावाला हा लेख आधी वाचून दाखवला. तो म्हणाला, "ताई, तू लातूरला शिकलीस म्हणून तुझं असं झालंय. नाचायच्या गाण्यालापण चार पर्याय देऊन बरोबर उत्तर शोधतेस." त्याचं म्हणणं असं, की संजूने लोकांना नाचवलं, मराठी पोरांना मराठी गाण्यावर नाचवलं, एवढं पुरे. गाण्याच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला?

त्याचं अर्धं बरोबर आहे. नाचायच्या गाण्याने नाचवावंच. पण 'गुलाबी साडी'नेही नाचवलंच होतं. ते करताना त्याने एका बाईला नवऱ्याला 'थांबा की जरा' म्हणायची जागाही दिली. ओझं मी टाकत नाहीये. जे त्याच गाण्याने सहज उचललं होतं त्याची आठवण करून देतेय. पंचविशी-तिशीच्या गाणाऱ्याची सुरुवातीची वर्षं म्हणजे सवय लागायची वर्षं. जे चाललं ते परत करायची सवय, किंवा जे चाललं ते का चाललं हे शोधायची सवय. 'शेकी'ने पहिली लागतेय असं दिसतं. पुढच्या दोन-तीन गाण्यांत कळेल.

परवा लोह्याला गेले होते. अर्ध्या तिकिटामुळे हल्ली जाणं-येणं वाढलंय. मावशीच्या फोनची गॅलरी उघडली तर त्यात तिचे स्वतःचे कितीतरी फोटो होते. चुलीपाशी, शेतात, एसटीच्या खिडकीत. काही मुलांनी काढलेले, काही वाकडे. एकात निम्मं डोकं कापलं गेलंय.

"हा कुणी काढला?" मी विचारलं.

"तुझ्या काकानं," ती म्हणाली. "येत न्हाई त्याला. पण आता मागला की काढतो."