क्रिस्तपुराण आणि राजाज्ञा

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या क्रिस्तपुराणाविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत बहुधा एकच आश्चर्य व्यक्त झालेलें आढळतें : इंग्लंडांत जन्मलेल्या पाद्र्यानें इतकी रसाळ ओवी लिहिली तरी कशी! हें आश्चर्य यथार्थ आहे. आचऱ्यास रामेश्वराच्या देवळांत पोथ्या ऐकत आम्ही वाढलों. त्या कानांनाहि ह्या ओवीचें वळण परकें वाटत नाहीं. परंतु भाषेच्या कौतुकांत टीकाकार इतके रमतात कीं, खुद्द कवीनें ग्रंथारंभीं मांडलेल्या प्रश्नाकडे त्यांचें लक्षच जात नाहीं.

प्रसंग असा. साष्टींतील एक ब्राह्मण पाद्र्यास म्हणतो कीं, तुम्हीं आमचीं जुनीं पुराणें निषिद्ध केलींत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें पुराण कां देत नाहीं? ह्यास कवीनें सुमारें अकरा हजार ओव्यांचें उत्तर दिलें; बायबलाच्या जुन्या व नव्या कराराची कथा दोन पुराणांत गाइली. मात्र पुराणें काढून घेण्याचा अधिकार मुळांत कोणाचा, ह्याविषयीं तो गप्प आहे.

हें मौन एकट्या स्टीफन्सचें नव्हे. १५५५ सालीं जर्मनींत ऑग्सबर्गच्या तहानें राजाचा जो पंथ तोच प्रजेचा, असा पायंडा पडला. पुढें सिंहासनें जसजशीं प्रबळ झालीं, तसतसा प्रजेचा धर्म हा राजनिष्ठेचा पुरावा ठरूं लागला. स्टीफन्सनें ह्याची झळ स्वतः सोसलेली. एलिझाबेथ राणीच्या प्रॉटेस्टंट राज्यांत कॅथॉलिकास मोकळेपणानें राहण्याची सोय नव्हती. तो देश सोडून १५७९ सालीं गोव्यास आला. आणि आला तो कोठें? जेथें पोर्तुगालच्या राजाच्या नांवानें तोच न्याय हिंदूंस लावला जात होता. १५६० सालीं इन्क्विझिशन बसलें होतें, १५६७ सालीं साष्टींतील देवळें पडलीं होतीं; मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली होती. आमच्या आचऱ्यांत रामेश्वराचा कौल झाला म्हणजे गांवपळणीस सारा गांव गुरांढोरांसह वेशीबाहेर जाऊन राहतो, पण तीन दिवसांनीं परततो. साष्टींतलीं दैवतें परतलीं नाहींत. १५८३ सालीं कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनीं पांच जेझुइटांस ठार केलें आणि त्याचा सूड म्हणून गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत मारण्यांत आलें, तेव्हां स्टीफन्स त्याच प्रांतांत होता. त्यास हें ठाऊक नव्हतें, असें कोण म्हणेल?

म्हणून काव्य टाकाऊ ठरतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. स्वर्गास तो 'वैकुंठ' म्हणतो. निषिद्ध पुराणांचेंच शब्दधन घेतल्यावांचून त्याच्या देवाचा महिमा मराठींत उभा राहत नाहीं. ब्राह्मणाच्या प्रश्नाचें जें उत्तर कवीनें टाळलें, तें भाषेनें त्याच्या नकळत दिलें आहे. (नकळतच कीं जाणूनबुजून, ह्यावर आमचें मत अद्याप स्थिर नाहीं.) धर्मनिष्ठ वाचकांस आणि संतप्त वाचकांस, दोघांसहि ग्रंथ पुरता वाचवत नाहीं, ह्याचें कारणहि हेंच असावें.

क्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोलास छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं पुनः निघालें. नंतर १६८४ सालीं व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट ह्यानें हुकूम काढला कीं, प्रजेनें देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलूं लागावें. पुढल्याच वर्षीं फ्रान्सांत चौदाव्या लुईनें नांतचा जाहीरनामा रद्द करून प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य बुडविलें. धर्म झाला, आतां जीभहि राजाची. पाद्र्यानें ज्या भाषेचे गोडवे गाइले, तिचीहि गय झाली नाहीं. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ राहिला तो हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांत. त्यांवरूनच १९०७ सालीं जोसेफ साल्ढाणा ह्यांनीं तो मंगळुरास छापला.